आतड्याचा दाह आणि रक्तवाहिन्यांचे वृद्धिघटक

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये होऊन गेलेल्या सेल्सस या ग्रंथकाराने दाहाची चार लक्षणे नोंदवून ठेवली आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पायात काटा मोडला किंवा अंगावर गळू आले म्हणजे ही चारही लक्षणे कोणालाही अनुभवता येतात. यांपैकी पहिल्या तीन लक्षणांचे मूळ रक्तवाहिन्यांत आहे. बारीक वाहिन्या रुंदावतात म्हणून त्या जागी अधिक रक्त येते आणि त्याबरोबर लाली व उष्णता येते. वाहिन्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर झिरपतो म्हणून सूज येते. सुजेचा ताण आणि ऊतकांत सुटणारी रसायने मज्जातंतूंना चेतवतात आणि वेदना सुरू होते.

१८६७ साली यूलिउस कोनहाइम या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांनी बेडकाच्या पातळ, पारदर्शक ऊतकांतील रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि दाहाच्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींतून वाट काढून बाहेर पडतात, हे दाखवून दिले. दाहाचे रणक्षेत्र जरी ऊतकांत असले, तरी सैन्य येते ते रक्तवाहिन्यांच्या मार्गानेच, ही गोष्ट तेव्हापासून निर्विवाद झाली.

दाह अल्पकाळ टिकला, तर काम संपताच वाहिन्या पूर्वस्थितीला येतात. परंतु तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर वाहिन्या केवळ रुंदावून थांबत नाहीत. त्यांना नवे धुमारे फुटतात आणि ऊतकांत नव्या वाहिन्यांचे जाळे पसरते. ही वाढ घडवून आणणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक असे म्हणतात. आतड्याच्या दीर्घकालीन दाहरोगांत हे वृद्धिघटक कोणती भूमिका बजावतात, ते रोग्याचे वैरी आहेत की साहाय्यकर्ते, आणि त्यांना रोखून धरल्यास रोग बरा होईल काय, हा या प्रकरणाचा विषय आहे.

दोन रोग

आतड्याचे दाहरोग म्हणून जे ओळखले जातात, त्यांत दोन रोग प्रमुख आहेत. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह. लंडन येथील सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली त्याचे वर्णन केले. हा रोग गुदाशयापासून सुरू होतो, वर मोठ्या आतड्यात सलग पसरतो आणि बहुधा आतड्याच्या आतील अस्तरापुरता, म्हणजे श्लेष्मल त्वचेपुरता मर्यादित राहतो. वारंवार शौचास लागणे, शौचावाटे रक्त व श्लेष्मा पडणे आणि अशक्तता येणे ही त्याची लक्षणे होत.

दुसरा क्रोनचा रोग. न्यूयॉर्क येथील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहाइमर या तिघांनी १९३२ साली त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि लेखकांपैकी पहिल्याचे नाव रोगाला चिकटले. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाचा कोणताही भाग या रोगाने ग्रस्त होऊ शकतो. मात्र लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे आवडते ठिकाण. मध्येच निरोगी भाग सोडून तो पुढे उमटतो आणि आतड्याच्या भिंतीची संपूर्ण जाडी पोखरतो. त्यामुळे आतडे अरुंद होणे, भिंतीला छिद्र पडणे, आतड्याची शेजारच्या भागाशी अनैसर्गिक जोडवाट तयार होणे, असे उपद्रव या रोगात संभवतात.

दोन्ही रोग बहुधा तारुण्यात सुरू होतात, मध्ये शांत होतात, पुन्हा उसळतात आणि सामान्यतः जन्मभर सोबत करतात. हे रोग पाश्चात्त्य देशांपुरतेच आहेत, अशी समजूत पूर्वी होती. ती खरी नाही. पंजाबमधील एका पाहणीत, जी २००३ साली प्रसिद्ध झाली, अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ आढळले. क्रोनच्या रोगाच्या बाबतीत भारतीय वैद्यकापुढे आणखी एक अडचण असते. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग यांची लक्षणे, इतकेच नव्हे तर दुर्बिणीतून दिसणारे रूपही, पुष्कळदा सारखेच असते. आणि दोहोंचे उपचार मात्र परस्परविरोधी ठरू शकतात. क्रोनच्या रोगावर दिली जाणारी, शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे क्षयाच्या रोग्याला दिली, तर क्षय फोफावतो.

काठावरचे जीवन

रक्तवाहिन्यांचा प्रश्न आतड्याच्या बाबतीतच इतका बिकट का होतो, हे समजण्यासाठी आतड्याच्या रक्तपुरवठ्याकडे पाहिले पाहिजे. माणूस स्वस्थ बसलेला असताना हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा पचनसंस्थेच्या अवयवांकडे जातो, आणि जेवणानंतर हे प्रमाण आणखी वाढते. आंत्रबंधातून, म्हणजे आतड्यांना पोटाच्या मागील भिंतीशी जोडणाऱ्या पडद्यातून, रोहिण्यांच्या शाखा येतात, आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि अखेर अस्तराच्या अगदी खाली केशवाहिन्यांचे दाट जाळे विणतात. अस्तराच्या पेशी सतत झडत असतात. काही दिवसांतच, म्हणजे चार-पाच दिवसांत, सारे अस्तर नवे होते. अशा अखंड बांधकामाला ऑक्सिजन व अन्नद्रव्ये यांचा पुरवठाही अखंड लागतो.

उलटपक्षी, या अस्तराच्या दुसऱ्या बाजूस आतड्याची पोकळी असते आणि मोठ्या आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तेथील बहुसंख्य जिवाणू ऑक्सिजनविना जगणारे आहेत. म्हणजे खालून रक्ताचा ऑक्सिजन येतो आणि वर तो नाहीसा होत जातो. अस्तराची सर्वांत वरची पेशी निरोगी अवस्थेतही ऑक्सिजनच्या टंचाईच्या काठावर उभी असते. दाहाच्या वेळी भिंत सुजते, जमलेल्या असंख्य पांढऱ्या पेशी ऑक्सिजन वापरू लागतात, आणि ही काठावरची पेशी पलीकडे ढकलली जाते.

वृद्धिघटकांचा शोध

प्रौढ शरीरातील रक्तवाहिन्या सहसा वाढत नाहीत. वाहिन्यांचा आतील थर ज्या पेशींनी बनलेला असतो, त्या अंतःस्तर पेशी वर्षानुवर्षे विभाजनावाचून राहतात. जखम भरून येणे, स्त्रियांचे मासिक ऋतुचक्र आणि गर्भारपणातील वार ही याची नैसर्गिक अपवादस्थळे. तेव्हा या झोपलेल्या पेशींना जागे करणारे काहीतरी असले पाहिजे, ही कल्पना स्वाभाविक होती.

नेत्रविशारद आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ साली डोळ्याच्या दृष्टिपटलातील वाहिन्यांचा अभ्यास करून असे सुचवले की, ऑक्सिजनची टंचाई झालेले ऊतक एखादे झिरपणारे द्रव्य निर्माण करीत असावे व त्याच्या प्रभावाने वाहिन्या त्याच्याकडे वाढत असाव्यात. या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘एक्स घटक’ म्हटले. पुढे बोस्टन येथील शल्यचिकित्सक जूडा फोकमन यांनी १९७१ साली असे प्रतिपादन केले की, कर्कगाठ काही मिलिमीटरांहून मोठी व्हायची, तर तिला नव्या वाहिन्या लागतात. त्या ती स्वतः द्रव्ये सोडून बोलावून घेते. आणि या द्रव्यांना अडवले, तर गाठीची वाढ थांबेल. तज्ज्ञांपैकी अनेकांना ही कल्पना त्या वेळी पटली नाही.

द्रव्य हाती येण्यास आणखी काही वर्षे लागली. बोस्टनमध्येच हॅरॉल्ड ड्वोरॅक, डोनाल्ड सेंगर व त्यांचे सहकारी वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होते : कर्करोगाच्या रोग्यांच्या पोटात पाणी का साचते? गाठीतून निघणारे एक प्रथिन वाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करते, असे त्यांना १९८३ साली आढळले, आणि त्यांनी त्याला वाहिनी-पारगम्यता घटक असे नाव दिले. हिस्टॅमिन या सुपरिचित द्रव्यापेक्षा त्याचा प्रभाव हजारो पटींनी अधिक होता. १९८९ साली कॅलिफोर्नियात नेपोलिओन फेरारा यांनी गायीच्या पीयूषिका ग्रंथीच्या पेशींपासून अंतःस्तर पेशींची वाढ करणारे एक प्रथिन वेगळे केले. त्याला वाहिनी-अंतःस्तर वृद्धिघटक हे नाव मिळाले; इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचा उल्लेख व्हीईजीएफ असा केला जातो. त्याच वर्षी दोन्ही प्रथिनांची जनुके वाचली गेली आणि असे दिसून आले की, ही दोन प्रथिने नसून एकच आहे. भिंती गळत्या करणारे आणि वाहिन्या वाढवणारे द्रव्य एकच असावे, हा योगायोग नव्हे. पुढील सर्व विवेचनात वाचकांनी ही दुहेरी ओळख ध्यानात ठेवावी. आतड्याच्या रोगातील गुंतागुंतीची ती किल्ली आहे.

हे प्रथिन जीवनावश्यक आहे, हे १९९६ साली सिद्ध झाले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यांपैकी व्हीईजीएफची केवळ एक प्रत निकामी केली, तरी उंदराचा गर्भ जन्मापूर्वीच मरतो. या प्रथिनाला भावंडेही आहेत. मूळ प्रथिनाला ‘ए’ म्हणतात. ‘सी’ नावाचे भावंड प्रामुख्याने लसीकावाहिन्यांची वाढ करते. आणखी एक भावंड प्रथम वारेत सापडले म्हणून त्याला वारेचा वृद्धिघटक असे नाव मिळाले. याशिवाय अँजिओपोएटिन नावाच्या प्रथिनांची एक जोडी आहे. तिच्यातील पहिले प्रथिन वाहिनीची भिंत बळकट व स्थिर ठेवते, तर दुसरे बहुधा ती सैल करून वाढीला मोकळी करते. तंतुजनक पेशींचा वृद्धिघटक हाही या कामातील एक सहभागी आहे.

मायकेलसन यांच्या तर्कातील ऑक्सिजनच्या टंचाईचा धागाही पुढे उलगडला. पेशीत एक विशिष्ट प्रथिन सतत तयार होत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेपर्यंत ते सतत नष्टही केले जाते. ऑक्सिजन घटला की ते साचते, पेशीकेंद्रात जाते आणि व्हीईजीएफसह अनेक जनुकांना चालना देते. या यंत्रणेच्या शोधाबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नवी वाहिनी कशी जन्मते, हे आता थोडक्यात सांगता येईल. वृद्धिघटक अंतःस्तर पेशीवरील ग्राहीला, म्हणजे त्याच्यासाठीच असलेल्या ग्रहणस्थानाला, चिकटतो. वाहिनीची भिंत सैल होते, तिच्याभोवतीचा आधारपटल विरघळतो आणि एक पेशी पुढे सरसावते. तिच्यामागून इतर पेशी विभागत येतात. धुमारा पोकळ होतो. दोन धुमारे एकमेकांना मिळतात आणि रक्त वाहू लागते. शेवटी बाहेरून आधारपेशी येऊन नळीला वेढतात. हे शेवटचे काम झाले, म्हणजेच वाहिनी पक्की झाली असे समजावयाचे.

रोगग्रस्त आतड्यातील पुरावा

आतड्याच्या दाहरोगाने पीडित असलेल्यांच्या रक्तात व्हीईजीएफ वाढलेले असते, हे १९९८ साली जर्मन संशोधकांनी दाखवले. मात्र रक्तातील हे प्रथिन बऱ्याच अंशी बिंबाणूंमध्ये साठवलेले असते, रक्त गोठताना ते बाहेर पडते, आणि या रोगांत बिंबाणूंची संख्याही अनेकदा वाढलेली असते. त्यामुळे रक्तातील आकड्यावरून आतड्यात काय चालले आहे, याविषयी अनुमान करताना सावधगिरी बाळगावी लागते.

अधिक प्रत्यक्ष पुरावा आतड्याच्या नमुन्यांतून मिळाला. सिल्व्हिओ दानेसे, क्लॉडिओ फिओकी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाहरोग झालेल्या श्लेष्मल त्वचेत केशवाहिन्यांची घनता निरोगी त्वचेपेक्षा अधिक होती, आणि त्यांच्या पेशींवर वाढत्या वाहिन्यांची खूण असलेले प्रथिन ठळकपणे दिसत होते. या रोगट त्वचेचा अर्क कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणावर ठेवला असता तेथे नव्या वाहिन्या फुटल्या. अंतःस्तर पेशींना सरकवण्याचे या अर्काचे सामर्थ्य मुख्यतः इंटरल्यूकिन-८ या दाहकारक प्रथिनामुळे होते. व्हीईजीएफ आणि तंतुजनक पेशींचा वृद्धिघटक यांचा वाटा त्या मानाने कमी होता. म्हणजे या नाटकात पात्रे अनेक आहेत, आणि त्यांतील एकालाच नायक किंवा खलनायक ठरवणे योग्य नव्हे.

तरीही व्हीईजीएफचे कर्तृत्व नाकारता येत नाही. मोठ्या आतड्याचा दाह कृत्रिमरीत्या उत्पन्न केलेल्या उंदरांवर याच गटाने केलेले प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. व्हीईजीएफचे प्रमाण वाढवले, तेव्हा दाह बळावला. त्याला वाटेतच पकडून निष्प्रभ करणारे प्रथिन दिले, तेव्हा दाह ओसरला. त्याच वर्षी उंदरांहून मोठ्या जातीच्या मूषकांवर, म्हणजे प्रयोगशाळेतील पांढऱ्या घुशींसारख्या प्राण्यांवर, कॅलिफोर्नियातील सांडोर साबो यांच्या गटाने व्हीईजीएफविरोधी प्रतिपिंडे वापरली. त्यांनाही रोगाची तीव्रता घटलेली आढळली.

यावरून एक दुष्टचक्र स्पष्ट होते. दाहस्थानी जमलेल्या भक्षक पेशी, तंतुजनक पेशी आणि अस्तराच्या पेशी वृद्धिघटक सोडतात. त्यांमुळे वाहिन्या वाढतात आणि त्यांच्या भिंती गळू लागतात. शिवाय उद्दीपित झालेली अंतःस्तर पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू मांडते. वाहत्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना अडकतात आणि बाहेर पडतात. जितक्या वाहिन्या अधिक, तितकी दारे अधिक. आत आलेल्या पेशी पुन्हा वृद्धिघटक सोडतात, आणि दाहाने वाहिन्या व वाहिन्यांनी दाह पोसला जातो.

वाहिन्या पुष्कळ, पोषण अल्प

येथे एक शंका कोणाही विचारी वाचकाच्या मनात येईल. वाहिन्या वाढल्या, तर ऑक्सिजनचा पुरवठाही वाढावयास हवा. मग त्या टंचाईचेच निवारण होऊन वृद्धिघटकांची निर्मिती आपोआप का थांबत नाही?

या शंकेचे उत्तर रक्ताच्या प्रवाहाचे मापन करणाऱ्यांनी दिले आहे. स्वीडनमधील संशोधकांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांवरून असे दिसते की, रोग अतिशय जोरात असताना आतड्यातील रक्तप्रवाह वाढलेला असतो. पण रोग जुना होऊन भिंत तंतुमय झाली, म्हणजे तो उलट घटतो. २००३ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेने काढलेल्या आतड्यांतील अतिसूक्ष्म रोहिण्यांची परीक्षा झाली. ज्या द्रव्याने निरोगी रोहिणी सैलावते व रुंद होते, त्याच द्रव्याला दीर्घकाळ दाह सोसलेली रोहिणी पुरेसा प्रतिसाद देत नाही, असे आढळले. रुंदावण्याची क्षमता गमावलेल्या रोहिणीच्या पुढे केशवाहिन्या कितीही असल्या, तरी त्यांत रक्त बेताचेच येणार.

नव्या वाहिन्यांचा दर्जाही यथातथाच असतो. वृद्धिघटकांचा मारा अखंड चालू असल्यामुळे धुमारे फुटत राहतात, पण आधारपेशींनी वेढून त्या पक्क्या होण्याचा टप्पा अपुरा राहतो. अशा वाहिन्या वेड्यावाकड्या, ठिसूळ आणि गळक्या असतात. त्यांतून द्रव बाहेर पडून सूज वाढते, सुजेमुळे केशवाहिनी आणि अस्तराची पेशी यांतील अंतर वाढते, आणि ऑक्सिजनला अधिक दूर झिरपत जावे लागते. पाटाला ठिकठिकाणी भगदाडे पडून शेतात चिखल व्हावा आणि टोकाच्या वाफ्याला पाणीच पोहोचू नये, तशी ही अवस्था आहे. दुर्बिणीतून पाहताना रोगट आतड्याचे अस्तर लालबुंद दिसते आणि नुसत्या स्पर्शानेही त्यातून रक्त येते. पाहणाऱ्याला तेथे रक्ताची रेलचेल वाटते. अस्तराच्या पेशी मात्र तेथेच उपाशी असतात. टंचाई टिकून राहते, म्हणून वृद्धिघटकांची निर्मितीही टिकून राहते.

वैरी की साहाय्यकर्ता?

आतापर्यंतच्या विवेचनावरून, वृद्धिघटकांना अडवावे म्हणजे रोग आटोक्यात येईल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु या नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

आतड्यातील व्रण भरून यावयाचा, तर त्याच्या तळाशी प्रथम नव्या वाहिन्यांनी भरलेले कोवळे ऊतक तयार व्हावे लागते. त्याच्या आधारानेच कडेच्या अस्तरपेशी सरकत येऊन उघडी जागा झाकतात. वाहिन्या नाहीत, तर हे ऊतक नाही. आणि ते नाही, तर व्रण भरणे नाही. बेल्जियममधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोधप्रद आहे. वारेचा वृद्धिघटक ज्यांच्या शरीरात तयारच होत नाही, अशा उंदरांत त्यांनी आतड्याचा दाह उत्पन्न केला. अपेक्षेप्रमाणे या उंदरांत नव्या वाहिन्या फुटल्या नाहीत. पण त्यामुळे त्यांचा रोग सौम्य न होता अधिक गंभीर झाला. अस्तरातील ऑक्सिजनची टंचाई वाढली आणि इजाही वाढली. टंचाईची वर्दी देणारे जे प्रथिन मागे सांगितले, ते अस्तराच्या पेशींत कार्यक्षम असेल, तर त्यांचे रक्षण होते, असेही २००४ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले होते.

लसीकावाहिन्यांची गोष्ट याहून लक्षणीय आहे. ऊतकांत साचलेला द्रव आणि काम संपवलेल्या पेशी वाहून नेण्याचे कार्य या वाहिन्या करतात. मिलान येथील संशोधकांनी २०१४ साली असे दाखवले की, ‘सी’ हे भावंड वाढवून उंदरांत लसीकावाहिन्यांचे कार्य सुधारले, तर आतड्याचा दाह कमी होतो. म्हणजे एकाच कुटुंबातील एक वृद्धिघटक दाहाला खतपाणी घालतो आणि दुसरा त्याचा निचरा करतो.

हे सर्व प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, हेही विसरता कामा नये. एखादे रसायन पाजून काही दिवसांत उत्पन्न केलेला उंदराचा दाह आणि माणसाच्या आतड्यात वीस वर्षे धुमसणारा रोग यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात इजा ताजी असते, दुसऱ्यात इजा आणि दुरुस्ती यांचे थरांवर थर साचलेले असतात.

उपचाराची वाट

वृद्धिघटकांना अडवणारी औषधे आज उपलब्ध आहेत. बेव्हासिझुमॅब या व्हीईजीएफविरोधी प्रतिपिंडाला मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत फेब्रुवारी २००४ मध्ये मान्यता मिळाली, आणि फोकमन यांच्या कल्पनेला तेहेतीस वर्षांनी मूर्त रूप आले. मग तेच औषध दाहरोगासाठी का देत नाहीत?

याचे उत्तर त्या औषधाच्या मूळ चाचणीतच आहे. औषध दिलेल्या रोग्यांपैकी सुमारे दीड टक्का रोग्यांत आतड्याला किंवा जठराला छिद्र पडले. ते न दिलेल्यांत एकालाही हा उपद्रव झाला नाही. याखेरीज जखमा उशिरा भरणे आणि रक्तस्राव हे या औषधाचे परिचित धोके आहेत. जीवघेण्या कर्करोगाच्या रोग्याने हा धोका पत्करणे समजण्यासारखे आहे. परंतु ज्याच्या आतड्यात आधीच व्रण आहेत, ज्याला छिद्राचे भय मुळातच आहे आणि ज्याला औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागेल, अशा पंचविशीतील तरुणाच्या बाबतीत हिशेब अगदी निराळा होतो. म्हणून व्हीईजीएफला सरसकट अडवणे हा या रोगांवरील प्रचलित उपचार झालेला नाही.

तथापि वाहिन्यांवर अप्रत्यक्ष परिणाम करणारे उपचार वापरात आहेत. इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत १९९८ पासून क्रोनच्या रोगासाठी दिले जाऊ लागले. ते दाहाला चेतवणाऱ्या एका प्रमुख प्रथिनाला निष्प्रभ करते. ज्या रोग्यांना त्याचा गुण येतो, त्यांच्या आतड्यातील वाहिन्यांची वाजवीपेक्षा अधिक झालेली घनता आणि तंतुजनक पेशींकडून होणारी व्हीईजीएफची निर्मिती ही दोन्ही कमी होतात, असे इटालियन संशोधकांनी २०११ साली नोंदवले. येथे वृद्धिघटकाला हात न लावता त्याला बोलावणारा दाह शमवला जातो. २०१४ साली मान्यता मिळालेल्या वेडोलिझुमॅबची रीत आणखी वेगळी आहे. ते पांढऱ्या पेशींवरील एका रेणूला झाकून टाकते, त्यामुळे त्या आतड्यातील वाहिन्यांच्या भिंतींना चिकटू शकत नाहीत. वाहिन्या तशाच राहतात. त्यांची दारे तेवढी बंद होतात.

थॅलिडोमाइडचा इतिहास येथे उल्लेखनीय आहे. गर्भवती स्त्रियांनी घेतल्यामुळे हजारो बालके अपंग जन्मली, म्हणून १९६१ साली जे औषध मागे घेण्यात येऊ लागले, तेच नव्या वाहिन्यांची वाढ रोखते, असे १९९४ साली फोकमन यांच्या प्रयोगशाळेत आढळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्रोनच्या रोगाने पीडित काही मुलांना त्याने आराम पडला. पण हे औषध दाहकारक प्रथिनांचेही दमन करते. तेव्हा गुण कशाने आला, हे निश्चित सांगता येत नाही. शिवाय मज्जातंतूंना होणारी इजा आणि गर्भावरील भीषण परिणाम यांमुळे त्याचा वापर अत्यंत सावधपणेच करावा लागतो.

या सर्व माहितीतून प्रश्नाचे स्वरूपच बदलले आहे. वाहिन्या वाढू द्याव्यात की नाही, हा प्रश्न आता पुरेसा नाही. कोणत्या वाहिन्या, रोगाच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या दर्जाच्या, असे विचारावे लागते. रोग उसळलेला असताना गळक्या वाहिन्यांना आवर घालणे आणि व्रण भरत असताना वाहिन्यांना वाढू देणे, ही दोन कामे एकाच आतड्यात, कदाचित एकमेकांपासून काही सेंटिमीटर अंतरावर, एकाच वेळी आवश्यक असू शकतात. सबंध शरीरात पसरणाऱ्या औषधाला हा भेद कळत नाही. म्हणूनच वाहिन्यांची वाढ तोडण्यापेक्षा त्या पक्क्या करणे, त्यांना आधारपेशींचे वेष्टन मिळवून देणे आणि लसीकावाहिन्यांचा निचरा सुधारणे या दिशांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे.

सेल्ससने पाहिलेली लाली ही केवळ रोगाची खूण नव्हती. तीत शरीराने चालवलेल्या दुरुस्तीची खूणही मिसळलेली होती. आतड्याच्या दाहरोगात ही दुरुस्ती कधीच पुरी होत नाही आणि म्हणूनच तीही रोगाचा भाग बनते. तिला बंद पाडण्याऐवजी पूर्णत्वास नेणारा उपचार सापडला, तर तो या रोग्यांना दीर्घकाळ उपयोगी पडणारा ठरेल.